खालून सहा ओळी

शनिवारी दुपारी जयपूरच्या सोडाला भागातल्या छपाईवाल्याचा फोन आला तेव्हा नागनाथ बिराजदार बाल्कनीतल्या उन्हात बसून मटार सोलत होते.

"बाबूजी, मॅटर ज्यादा है," छपाईवाला म्हणाला. "फ्रेम तो बन गई. छह लाइन कम कीजिए, नहीं तो अक्षर चींटी जैसे दिखेंगे. आठ बजे दुकान बंद."

मानसरोवर वस्तीतल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं स्नेहसंमेलन दुसऱ्याच दिवशी होतं. मंडळ दर वर्षी त्यात एका सभासदाला मानपत्र देतं. जाड कागदावर छापलेलं, कोरीव लाकडी चौकटीत बसवलेलं. गेली काही वर्षं त्याचा मजकूर नागनाथराव लिहीत. सोलापूरच्या एका दैनिकात त्यांनी उमेदवार उपसंपादक म्हणून सुरुवात केली होती आणि मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त होऊन ते मुलाकडे, निलयकडे, जयपूरला आले होते. मंडळात त्यांच्याइतकं काटेकोर तपासणारं दुसरं कोणी नाही, असं सगळे मानत. तेही मानत.

यंदाचं मानपत्र विजयमाला जगदाळे यांना होतं. विजयमालाबाई मानसरोवरातच एका हाउसिंग सोसायटीच्या मैदानावर स्कूटर चालवायला शिकवतात. त्यांचे यजमान बळवंत जगदाळे फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग जयपूरला होती, मग दोघं इथेच राहिले.

सहा ओळी कमी करायला नागनाथरावांना शेंग सोलण्याइतका वेळ लागला. त्यांनी कागद पुढे ओढला, शेवटून सहा ओळी मोजल्या आणि त्यांच्या वर सही करावी तशी आडवी रेघ मारली. ही वर्तमानपत्रातली पद्धत. सगळ्यात महत्त्वाचं वर लिहायचं, कमी महत्त्वाचं त्याखाली, आणि गेलं तरी चालेल ते तळाशी. पान लागत असताना ऐन वेळी जाहिरात येऊन पडली की मजकूर वाचत बसायचं नाही, खालून कापायचा. नागनाथरावांनी मंत्र्यांची भाषणं खालून कापली होती, साहित्यिकांचे सत्कार कापले होते, एकदा तर आपल्याच संपादकांचा परदेशदौराही कापला होता. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"प्रणाली, हे त्या छपाईवाल्याला पाठव गं," त्यांनी सुनेला हाक मारली. "रेघेच्या वरचं तेवढं."

प्रणाली एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या खोडी काढण्याचा तिला पगार मिळतो, असं निलय म्हणायचा. सासऱ्यांच्या हातचा मजकूर टाइप करून पाठवण्याचं काम तिच्याकडे होतं. ती कागद घेऊन आत वळली, दारातच थांबली आणि परत आली.

"बाबा, खालून कापलंत?"

"मग कुठून कापायचं?"

"नाही, म्हणजे, वर उरलं ते महत्त्वाचं आणि खालचं गेलं ते नसलं तरी चालेल. असंच ना?"

"असंच. आज काय नवीन विचारतेस?"

"मग ऐका, काय उरलंय ते." तिने मधल्या विशेषणांच्या माळा गाळून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'सुभेदार मेजर बळवंत जगदाळे यांच्या सहधर्मचारिणी सौ. विजयमाला यांचा गौरव करताना मंडळास आनंद होत आहे. पतीच्या बदल्यांबरोबर देशभर संसार मांडताना त्यांनी दोन्ही मुलांवर उत्तम संस्कार केले. पतीच्या प्रोत्साहनाने आणि घरची जबाबदारी सांभाळून त्यांनी असंख्य भगिनींना स्कूटर शिकवण्याचा छंद फावल्या वेळात जोपासला. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमातला त्यांचा हसतमुख वावर आणि त्यांच्या हातची तिळाची पोळी सर्वांच्या स्मरणात आहे.' संपलं."

"बरं मग?"

"आता गेलेलं. आयटीआयमधला मोटर मेकॅनिकचा कोर्स गेला. शिकवण्याचा परवाना गेला. नऊशेच्या वर माणसं शिकवली, ती गेली. पतंगाच्या दिवसांत मांजानं गळा कापू नये म्हणून गाड्यांना तारेची कमान बसवून देतात, ती गेली. बाबा, पोळी राहिली आणि स्कूटर गेली!"

नागनाथरावांनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. "प्रत्येक वाक्य तपासलेलं आहे मी. हुद्दा विचारून घेतलाय. मुलं दोन आहेत, पोळी तिळाचीच असते. यात खोटं काय?"

"खोटं काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

"आणि मी काय वाईट हेतूनं लिहिलं?"

"वाईट हेतू असता तर तुम्हालाच पहिल्यांदा सापडला असता. तुमच्या हातून असलं काही सुटतं का?" प्रणाली त्यांच्यासमोर वेताचा मोढा ओढून बसली. "बाबा, उद्या प्रमुख पाहुणे कोण आहेत?"

"खंडेलवालजी. ते चेअरमन आहेत त्या सोसायटीचाच हॉल ना."

"आणि विजयमालाकाकू शिकवतात ते मैदानही त्यांच्याच सोसायटीचं. एका क्रिकेट कोचिंगवाल्यानं ते सकाळ-संध्याकाळ मागितलंय. सोमवारी कमिटी ठरवणार आहे. सोसायटीत लोक काय म्हणतात माहितीय? 'आंटीजी का तो शौक है, कहीं भी कर लेंगी.' आता उद्या तुमचं मानपत्र माइकवरून तेच सांगणार. छंद, फावला वेळ. खंडेलवालजी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आणि परवा क्रिकेटवाल्याच्या कागदावर सही करणार. मैदान गेलं तर काकूंचं शिकवणं संपलं."

नागनाथरावांनी तिच्या हातातला कागद घेतला. मग म्हणाले, "गेल्या वर्षीचं आण."

गेल्या वर्षीचं मानपत्र डॉक्टर विजय कुळकर्णींना दिलं होतं. ते शास्त्री नगरात दर आठवड्याला मोफत दवाखाना चालवत. नागनाथरावांनी प्रणालीच्या मोबाईलवरचा तो मजकूर कागदावर छापून घेतला, स्टीलची पट्टी आणली आणि खालच्या सहा ओळींवर आडवी ठेवली. वर उरलं ते असं: पदवी, दवाखाना, रुग्णांचा आकडा, लसीकरणाची शिबिरं. त्यांनी पट्टी उचलली. खाली होतं: पत्नी विनया यांची साथ, दोन मुली, नाट्यगीतांची आवड.

त्यांनी पट्टी पुन्हा ठेवली आणि पुन्हा उचलली, जणू एखाद्या वेळी खालून वेगळं काही निघेल.

"आम्ही टेस्टिंगमध्ये एकच गोष्ट बदलून बघतो," प्रणाली म्हणाली. "बाकी सगळं तेच ठेवायचं. बघू? 'सौ. विनया यांचे पती श्री. विजय यांनी, पत्नीच्या प्रोत्साहनाने आणि घरची जबाबदारी सांभाळून, फावल्या वेळात रुग्ण तपासण्याचा छंद जोपासला.'"

नागनाथराव खो खो हसले. "फावल्या वेळात रुग्ण! अगं, मारील तो मला."

"'त्यांचा हसतमुख वावर आणि त्यांच्या हातचे पोहे...'"

"पुरे, पुरे." हसता हसता ते एकदम थांबले. "डेस्कवर एखाद्या पोरानं असं पान लावलं असतं ना, तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता मी."

"तुम्हाला चहा करू?"

"चेष्टा नको. माहितीतच गडबड झालीय ही." त्यांनी कपाळ चोळलं. "मी बाईंना फोन केलाच नाही. त्या सकाळी मैदानावर असतात, उचलत नाहीत. म्हणून सुभेदारांना केला. ते तासभर बोलले."

"कशाबद्दल?"

"सुभेदारांबद्दल," नागनाथराव म्हणाले आणि उठून मफलर शोधायला लागले. "स्कूटर काढ. दुपारची बॅच असते ना त्यांची?"

मैदान सोसायटीच्या कम्युनिटी हॉलच्या मागे होतं. तिथे पोचेपर्यंत आकाशात संक्रांतीचे उरलेसुरले पतंग होते आणि प्रणालीच्या स्कूटरच्या हँडलवरच्या तारेच्या कमानीत मांजाचा एक गुलाबी तुकडा अडकून फडफडत होता. मैदानावर चुन्याने आठचा आकडा काढला होता. त्यावरून लाल शाल पाठीला गाठ मारून बांधलेल्या एक आजीबाई पांढरी स्कूटर चालवत होत्या, आणि मागची दांडी धरून ट्रॅकसूटमधले बळवंत जगदाळे धापा टाकत, धावता धावता ओरडत होते.

"संतोषजी, ब्रेक! ब्रेक, माताजी, हॉर्न नहीं!"

मध्यभागी विजयमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कुडत्यावर स्वेटर, स्वेटरवर शिट्टी. त्यांनी पाहुण्यांना बघितलं.

"काय भाऊ, या वयात स्कूटर शिकायला आलाय व्हय?"

"मानपत्राचं जरा विचारायचं होतं."

"ते झालंय न्हवं? ह्यांनी सांगितलं म्हणाले सगळं."

"सांगितलं की!" बळवंतराव तेवढ्यात येऊन गुडघे धरून वाकले. "युनिट, पोस्टिंगा, मेडल, सगळं डिटेलमध्ये."

नागनाथरावांनी खिशातून कागद काढला आणि पहिली तीन वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. डेस्कवर ते हेच करत. चूक आपली असली तर आपल्याच तोंडाने वाचायची.

"थांबा, थांबा." बळवंतराव सरळ झाले. "मानपत्र हिचं आहे का माझं? आणि ते प्रोत्साहन कुठनं आणलंत? मी तवा लेहला होतो. हिनं स्कूटर घेतली ते मला फोटो आल्यावर कळलं."

"कळल्यावर दोन महिने बोलले नाहीत," विजयमालाबाई म्हणाल्या.

"लाइन लागत नव्हती!"

"शेजारच्या नायब सुभेदारांची रोज लागायची."

बळवंतरावांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ काढली नाही. प्रणालीला हसू आवरेना.

"वहिनी, तुम्हीच सांगा," नागनाथराव म्हणाले. "मी चुकीच्या माणसाला विचारलं."

"मला काय कौतुकाचं नाही, भाऊ. लिहा तुम्हाला बरं दिसंल ते." त्यांनी शिट्टी फुंकून संतोषजींना पुन्हा आठच्या आकड्यावर पाठवलं. मग आवाज उतरला. "एक करा. छंद म्हणू नका. छंद म्हटलं की लोकांना वाटतं, बाईनं आज नाही शिकवलं तर काय बिघडतंय? ही जागा गेली तर मला बंदच करावं लागंल. नवशिक्या माणसाला घेऊन सोडाल्याच्या गर्दीत जाऊ का? कुणाचा तरी हात मोडायचा. रस्त्यावर शिकवायचं नाही, हा माझा नियमच हाय. आधी मैदान, मग गल्ली, मग रस्ता."

नागनाथरावांनी हे लिहून घेतलं. मग कोर्सचं विचारलं.

"चाळिशीत गेले की आयटीआयला. परवान्याला मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागतं. वर्गात सगळी पोरं. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सगळी उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आली. मी जाऊन मागच्या बाकावर बसले, तर ती बसंचनात."

"आणि या 'असंख्य भगिनी' नऊशे आहेत, हे नक्की?"

"भगिनी? सगळ्या बाया नाहीत. पुरुष बी येतात की. ते बघा." मैदानाच्या कडेला एक गृहस्थ हेल्मेट घालून खुर्चीवर बसले होते. "पाळी यायच्या कितीतरी आधी हेल्मेट चढवतात. वळखू येऊ नये म्हणून."

नागनाथरावांनी 'भगिनी' वर काट मारली. मग एकेक करून बाकीच्या शब्दांवरही काट मारत गेले. शेवटी पेन पहिल्या ओळीवर आणून म्हणाले, "म्हणजे सुभेदारसाहेबांना काढून टाकायला हवं."

"पूर्ण काढा," प्रणाली म्हणाली.

"का म्हणून?" विजयमालाबाईंचा आवाज चढला. "मागं कोण धावतं मग? नवीन माणूस बसला की पयला आठवडा दांडी धरून धावायचं काम ह्यांचं. गुडघ्याला पट्टा बांधून धावतात. मला ते जमत नाही. ह्यांना काढू नका. धावतात म्हणून लिहा."

बळवंतराव कासावीस झाले. "अगं, सुभेदार मेजर होतो मी. मागं धावतो असं छापणार?"

"खरं हाय न्हवं?"

"खरं आहे," बळवंतराव म्हणाले. "पण मेडल?"

"मेडलला तुमचं मानपत्र येगळं."

घरी येऊन नागनाथराव जेवणाच्या टेबलावर बसले. समोर कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल. छपाईवाल्याचे दोन फोन येऊन गेले. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, मग दुसरं, आणि प्रत्येक वाक्यानंतर खालून पट्टी वर सरकवत नेली. पट्टी कुठेही थांबली तरी वर उरलेल्या मजकुरातून बाई कोण आणि काय करतात ते कळलं पाहिजे. एकदा पट्टी पार दुसऱ्या ओळीपर्यंत आली तेव्हा वर फक्त 'मंडळास आनंद होत आहे' उरलं. त्यांनी मंडळाचा आनंद खाली पाठवला.

"'कोर्स करण्याची संधी मिळाली' असं लिहिलं होतं मी," ते प्रणालीला म्हणाले. "कोणी दिली संधी? कोणीच नाही. यांनी अर्ज केला, परीक्षा दिली. आपण लिहिताना बाईला सगळं मिळतं आणि बुवा सगळं मिळवतो."

प्रणाली लॅपटॉप उघडून तयार बसली होती. तिला आता जोर चढला होता. "बाबा, सुरुवातीला 'रणरागिणी' टाकू या. किंवा 'नारीशक्तीचा जागर'."

"विजयरावांना आपण 'नरवीर' म्हणालो होतो?"

"नाही."

"मग?"

"पण बाबा, जरा तरी..."

"नऊशे माणसं शिकवली, असं लिहिल्यावर आणखी काय जरा?" त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "पहिल्या मजकुरात बाईंना देवघरात बसवलं होतं, तू घोड्यावर बसवतेस. त्या स्कूटरवर बसतात."

प्रणालीने रणरागिणी पुसली. थोडी हिरमुसली, पण पुसली.

मजकूर मंडळाच्या ग्रुपवर गेल्याबरोबर अध्यक्ष अरुण पाध्यांचा फोन आला. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आणि आवाजाने मऊ होते.

"नागनाथराव, वाचलं. चांगलं आहे. पण कोरडं वाटत नाही का हो? मानपत्र आहे का बायोडाटा? निदान 'कुटुंबवत्सल' तरी घाला."

"गेल्या वर्षी विजयरावांच्या मानपत्रात कुटुंबवत्सल नव्हतं. तेव्हा तुमचा फोन आला नव्हता."

"अहो, ते डॉक्टर."

"आणि या?"

"तिळाच्या पोळीचं वाक्य मात्र छान होतं," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

"पोळी प्रास्ताविकात घ्या. तुमच्या तोंडून. मी मानपत्रात घेत नाही."

मजकूर दुकान बंद व्हायच्या आधी गेला. छपाईवाल्याने लगेच परत फोन केला. आता तीन ओळींची जागा उरते, बेलबुटी टाकू का? नागनाथरावांनी जागा मोकळी ठेवायला सांगितलं.

रविवारी हॉल भरला होता. मिलिटरी स्टेशनमधली कुटुंबं आली होती, आयटीतली पोरं आली होती, आणि मागच्या रांगांमध्ये मराठीचा गंध नसलेली पुष्कळ मंडळी तिळगूळ हातात घेऊन बसली होती. ते सगळे विजयमालाबाईंचे विद्यार्थी होते. संतोषजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पुखराजजी खंडेलवाल पहिल्या रांगेत फेटा बांधून घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. अध्यक्षांनी प्रास्ताविकात तिळाच्या पोळीवर चांगलाच वेळ घेतला. मग प्रणाली माइकपाशी गेली.

"'विजयमाला जगदाळे या परवानाधारक वाहन प्रशिक्षक आहेत,'" तिने वाचलं. "'गेल्या बारा वर्षांत त्यांनी मानसरोवरात नऊशेहून अधिक स्त्री-पुरुषांना स्कूटर चालवायला शिकवलं. त्यासाठी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आधी मैदान, मग गल्ली, मग रस्ता, हा त्यांचा नियम आहे आणि तो त्यांनी कोणासाठीही मोडलेला नाही. मांजापासून बचाव करणारी तारेची कमान त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गाडीला स्वतः बसवून देतात. त्यांचे पती, निवृत्त सुभेदार मेजर बळवंत जगदाळे, हे त्यांचे सहायक आहेत. नवा विद्यार्थी स्वतः तोल सांभाळू लागेपर्यंत ते गाडीमागे धावतात. त्यांना हे मानपत्र देताना मंडळास आनंद होत आहे.'"

'धावतात' ला हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदम झाल्या. बळवंतराव उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि बसले. काल कासावीस झालेला माणूस हाच का, असा नागनाथरावांना प्रश्न पडला. संतोषजींनी मागून ओरडून सांगितलं की त्यांच्या वेळी सुभेदारसाहेब दोन आठवडे धावले होते.

खंडेलवालजींनी भाषण हिंदीत केलं. मराठी त्यांना अर्धी कळली होती, पण मानपत्राची चौकट विजयमालाबाईंच्या हाती देण्याआधी त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बोट फिरवत वाचली होती.

"भाईसाहब, सच बोलूँ? मैं रोज बालकनी से देखता था," ते म्हणाले. "मैं समझता था, बहनजी का टाइमपास है. नौ सौ! हमारे कॉलेज में इतने बच्चे नहीं थे." मग माइक हातात तसाच ठेवून ते पहिल्या रांगेकडे वळले. "सूबेदार साहब, कल पाँच बजे कमिटी है, मैदान की बात है. आप आ जाइए."

हॉलमध्ये कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. प्रणालीने मात्र सासऱ्यांकडे पाहिलं.

"मैं?" बळवंतराव म्हणाले. "साहब, मैं तो पीछे दौड़नेवाला आदमी हूँ. बात इनसे कीजिए."

"मैं आऊँगी," विजयमालाबाई चौकट छातीशी धरून म्हणाल्या. "लेकिन पाँच बजे बॅच है. साढ़ेछह रखिए."

खंडेलवालजींनी सचिवाकडे बघितलं. सचिवाने खांदे उडवले. "साढ़ेछह," खंडेलवालजी म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी नागनाथरावांनी टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. निवडणुकीच्या निकालाच्या वेळीही ते असे अस्वस्थ नसत. निकाल कोणाचाही लागला तरी पान निघायचंच. प्रणाली ऑफिसमधून येऊन त्यांच्यासोबत बसली. दोघांपैकी कोणी मैदानाचा विषय काढला नाही.

फोन आला तो विजयमालाबाईंचाच.

"भाऊ, झालं. सकाळ आणि दुपार माझी, संध्याकाळी सहानंतर क्रिकेटवाल्याची. लेखी दिलंय."

"अभिनंदन, वहिनी! वाद झाला?"

"झाला की. दोघं म्हणत होते, बाई हाय, उद्या कंटाळली तर? मी परवाना पुढं ठेवला. खंडेलवालजी म्हणाले, क्रिकेटवाल्याला विचारलं का कंटाळशील म्हणून? मग गप बसले." मागे बळवंतराव काहीतरी सांगत होते, त्यांना गप्प करून त्या पुढे म्हणाल्या, "खरी गंमत नंतर झाली. सेक्रेटरीनं ठराव लिहिला. मी सही करायच्या आधी वाचला. काय लिहिलं होतं सांगू? 'सूबेदार साहब की धर्मपत्नी को मैदान दिया जाता है.'"

नागनाथरावांनी डोळे मिटले. "मग?"

"मी म्हटलं, असं नको. उद्या ह्यांनी दुसरी बायको केली तर मैदान तिचं व्हायचं!"

फोन स्पीकरवर होता. प्रणाली सोफ्यावर आडवी होऊन हसू लागली.

"सगळी कमिटी हसली," विजयमालाबाई सांगत होत्या. "सेक्रेटरीनं नवा कागद घेतला. मी सांगितलं, पहिल्या ओळीत माझं नाव लिहा, पुढं प्रशिक्षक लिहा, मग जागा आणि वेळ. ह्यांचं नाव पाहिजे तर साक्षीदारात घ्या."

"घेतलं?"

"घेतलं. साक्षीदाराची सही झोकात करतात. मेजर पण लिहिलंय पुढं." त्या थांबल्या. "भाऊ, ठेवते. उद्या सकाळी नवीन तिघं हायत, ह्यांचा गुडघा शेकायचाय."